‘परमिशन डिनाइड’: दोष फाइलचा की जागेचा?

लिनक्स वापरणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. स्क्रिप्ट लिहिली, ‘सीएचमॉड’ करून तिला चालण्याची परवानगी दिली, तरी टर्मिनलचं उत्तर एकच: ‘परमिशन डिनाइड’. मग ७७७ देऊन पाहिलं, सुडो लावून पाहिलं, उत्तर काही बदललं नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची तक्रार याच्या उलट असते. सुरक्षेच्या यादीत वाचलं म्हणून त्यांनी /टेम्पवर ‘नोएक्झेक’ लावलं आणि दुसऱ्या दिवशी कुठलंसं पॅकेज बसेना. वैतागून त्यांनी ते काढून टाकलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

दोघांची गाठ एकाच गोष्टीशी पडलेली असते. फाइलला परवानगी असणं वेगळं आणि ती फाइल ज्या जागी ठेवली आहे त्या जागेला परवानगी असणं वेगळं. लिनक्समध्ये डिस्कचा एखादा भाग, पेनड्राइव्ह किंवा मेमरीतली तात्पुरती जागा एखाद्या फोल्डरला जोडली जाते. त्यालाच माउंट म्हणतात. जोडताना त्या जागेवर काही बंधनं घालता येतात. जागेवर ‘इथून काहीही चालवायचं नाही’ असं बंधन, म्हणजे नोएक्झेक, असेल, तर फाइलवरच्या परवानगीला काही किंमत उरत नाही. रूटचाही अपवाद होत नाही.

ही बंधनं कुठे ठेवायची, कुठे सैल करायची आणि सैल करताना किती, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू. कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची. ‘टेम्प’ म्हणजे टी-एम-पी आणि ‘व्हार’ म्हणजे व्ही-ए-आर ही तीन अक्षरी नावं, एवढं लक्षात असू द्या.

आधी निदान, मग औषध

‘परमिशन डिनाइड’ दिसताच ७७७ देणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. ७७७मुळे जगातल्या कुणालाही त्या फाइलमध्ये लिहायची मुभा मिळते आणि मूळ अडचण तशीच राहते. त्याऐवजी या क्रमाने तपासा:

१. फाइल बघा. ‘एलएस -एल’ची ओळ वाचा. परवानग्यांमध्ये एक्स हे अक्षर नसेल तर ‘सीएचमॉड +एक्स’ पुरेसं आहे. सुडोने चालवायची असली तरी निदान एक एक्स लागतोच.

२. जागा बघा. ‘फाइंडएमएनटी’ या कमांडला कॅपिटल टीचा पर्याय आणि फाइलचा पत्ता द्या. ती फाइल कोणत्या माउंटवर आहे आणि त्यावर कोणती बंधनं आहेत, हे एका ओळीत दिसतं. शेवटच्या रकान्यात ‘नोएक्झेक’ सापडलं तर कोडं सुटलं.

३. वाट बघा. फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायची परवानगी लागते. ‘नेमआय -एल’ ही कमांड ती सगळी वाट ओळीने दाखवते.

४. जागा बदलून बघा. तीच फाइल दुसऱ्या माउंटवर कॉपी करा. तिथे चालली तर दोष जागेचा आहे.

५. तरीही अडलं तर लॉग बघा. फेडोरा आणि रेड हॅटच्या कुटुंबात एसईलिनक्स, तर उबुंटूत अ‍ॅपआर्मर वेगळी पहारेदारी करतं. त्यांचा नकार माउंटच्या पर्यायांत दिसत नाही, लॉगमध्ये दिसतो.

संदेशाचे शब्दही नीट वाचा, कारण त्यांतले काही फसवे असतात:

- ‘बॅड इंटरप्रिटर: परमिशन डिनाइड’ हे वाचून लोक बॅशची दुरुस्ती करायला बसतात. बॅश बहुतेक वेळा ठणठणीत असतो. स्क्रिप्ट नोएक्झेक जागेवर असली की हा संदेश येऊ शकतो.
- ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट’ म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाला, पण त्याला हवी असलेली लायब्ररी बंदी असलेल्या जागेत पडली आहे. जावा आणि पायथनच्या प्रोग्रॅममध्ये हा हमखास भेटतो.
- ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असेल तर माउंटला दोष देऊ नका. फाइल दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनलेली असण्याची शक्यता जास्त.

तीन कुलपं, तीन कामं

माउंटच्या पर्यायांत सुरक्षेची तीन नावं नेहमी एकत्र दिसतात. त्यामुळे बरेच जण तिन्ही एकदम लावतात किंवा एकदम काढतात. प्रत्यक्षात तिघांची कामं वेगळी आहेत.

- नोएक्झेक: या जागेवरची कोणतीही फाइल प्रोग्रॅम म्हणून थेट चालणार नाही. तिथली लायब्ररीही कुठल्या प्रोग्रॅमला चालवण्याजोगी म्हणून मेमरीत घेता येणार नाही. गैरसोय सर्वात जास्त याचीच होते.
- नोसूइड: काही प्रोग्रॅम, उदाहरणार्थ सुडो, चालवणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या अधिकाराने चालतात. नोसूइड लावलेल्या जागेवर हा विशेषाधिकार मिळत नाही. फाइलला दिलेल्या ‘केपेबिलिटीज’ही तिथे निष्प्रभ होतात.
- नोडेव्ह: या जागेवरच्या डिव्हाइस फाइलींना सिस्टिम उपकरण मानणार नाही. कुणी पेनड्राइव्हवर तुमच्या हार्डडिस्ककडे बोट दाखवणारी डिव्हाइस फाइल बनवून आणली, तरी तिचा उपयोग होणार नाही.

निर्णयासाठी एवढं ध्यानात घ्या: नोसूइड आणि नोडेव्ह जवळजवळ फुकटची सुरक्षा आहे. मूळ रूट विभाग आणि जिथे सुडोसारखे प्रोग्रॅम राहतात तो /यूएसआर सोडला, तर बहुतेक ठिकाणी ती लावून कुणाचं काही अडत नाही. तारेवरची कसरत असते ती फक्त नोएक्झेकची. त्यामुळे नोएक्झेक काढायची वेळ आली तर तेवढंच काढा. त्यासोबत बाकीची दोन कुलपं उघडायचं कारण नाही.

प्रत्येक जागेला दोन प्रश्न

जुन्या घरात ओसरीवर कुणीही येऊन टेकावं, सामान ठेवावं. चूल मात्र आतच पेटायची, आणि तिथे हात घालायची मुभा घरातल्यांनाच. माउंटचा निर्णय याच हिशेबाने करा. प्रत्येक जागेबद्दल विचारा:

१. इथे कोण कोण लिहू शकतं?
२. इथून काही चालवण्याची खरी गरज कुणाला आहे?

जिथे कुणीही लिहू शकतं तिथून काही चालू नये, आणि जिथून प्रोग्रॅम चालतात तिथे कुणालाही लिहिता येऊ नये. या सूत्राने नेहमीच्या जागा अशा लागतात:

- मूळ रूट विभाग आणि /यूएसआर: इथे रूटच लिहितो आणि सगळं इथूनच चालतं. इथे नोएक्झेक लावलंत तर मशीन बूटच होणार नाही. नोसूइड लावलंत तर सुडो बंद पडेल.
- /टेम्प: इथे सगळेच लिहितात. तिन्ही बंधनं लावा. अडणाऱ्यांची सोय कशी करायची ते पुढे दिलं आहे.
- /व्हार/टेम्प: /टेम्पसारखंच, फक्त इथल्या फाइली रीस्टार्टनंतरही टिकतात. एकाला कुलूप लावून दुसरं उघडं ठेवलं तर उपयोग नाही.
- /डेव्ह/एसएचएम: प्रोग्रॅमांनी आपसांत मेमरी वाटून घ्यायची जागा. सर्व्हरवर तिन्ही बंधनं लावा.
- /व्हार/लॉग: लॉगमधून काही चालवण्याचं कारणच नाही, म्हणून तिन्ही.
- /व्हार: नोसूइड आणि नोडेव्ह चालतील, नोएक्झेक नको. डेबियन आणि उबुंटूत पॅकेज बसवताना लागणाऱ्या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजीच्या आत राहतात आणि तिथूनच चालतात. संपूर्ण /व्हार बंद केलंत तर अपडेट ठप्प.
- /होम: नोसूइड आणि नोडेव्ह लावा. नोएक्झेक हा माणसागणिक घ्यायचा निर्णय आहे. रिसेप्शनवरच्या किंवा फक्त ब्राउझर वापरणाऱ्याच्या मशीनवर लावता येईल. कोड लिहिणाऱ्याच्या मशीनवर लावलंत तर पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, नोडची साधनं, स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम, सगळंच अडेल.
- बॅकअपची डिस्क, फोटो-व्हिडिओंची डिस्क: तिन्ही, डोळे झाकून.

सुरक्षेच्या मापदंडांत बहुधा सर्वात जास्त वापरली जाणारी सीआयएसची यादीही /टेम्प, /व्हार/टेम्प, /डेव्ह/एसएचएम आणि लॉगच्या जागांसाठी तिन्ही पर्याय सुचवते. /होम आणि /व्हारसाठी मात्र नोडेव्ह आणि नोसूइड एवढेच. ऑडिटर ‘सगळीकडे नोएक्झेक लावा’ म्हणत असतील, तर त्यांना हा भेद नम्रपणे दाखवायला हरकत नाही.

/टेम्प वेगळं आहे का, ते आधी पाहा

माउंटचे पर्याय माउंटलाच लागतात. तुमच्या मशीनवर /टेम्प हे रूट विभागातलं साधं फोल्डर असेल तर त्याला एकट्याला नोएक्झेक लावता येत नाही. आधी ते वेगळं माउंट करावं लागतं. फेडोराने २०१३ सालच्या १८व्या आवृत्तीपासून, तर डेबियनने २०२५ सालच्या १३व्या आवृत्तीपासून /टेम्प मेमरीत, म्हणजे ‘टेम्पएफएस’वर ठेवायला सुरुवात केली. सिस्टिमडी अशा /टेम्पला नोसूइड आणि नोडेव्ह आपणहून लावतं. नोएक्झेक लावत नाही; तो निर्णय तुमच्यावर सोडलेला आहे.

वेगळं माउंट नसेल तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे आणि कसं जोडायचं त्या यादीत, अशी एक ओळ पुरते:

टेम्पएफएस /टेम्प टेम्पएफएस नोसूइड,नोडेव्ह,नोएक्झेक,मोड=१७७७,साइझ=२जी ० ०

यातल्या दोन गोष्टी सांभाळा. मोड १७७७च हवा. त्यातला सुरुवातीचा एक राहिला तर कुणीही दुसऱ्याच्या तात्पुरत्या फाइली पुसू शकतो. आणि साइझ तुमच्या रॅमच्या बेताने ठरवा, कारण ही जागा मेमरीतून जाते. मोठे व्हिडिओ किंवा डेटाबेसच्या निर्यात फाइली /टेम्पमध्ये ठेवायची सवय असेल तर ती आता बदलावी लागेल.

एफएसटॅबमधला क्रमाचा सापळा

पर्यायांच्या यादीत शेवटचा शब्द जिंकतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. यातून होणारी नेहमीची चूक अशी: डिस्क साध्या वापरकर्त्यालाही जोडता यावी म्हणून ‘यूझर’ हा पर्याय लिहितात. पण ‘यूझर’ आणि ‘यूझर्स’ हे पर्याय सोबत नोएक्झेक, नोसूइड आणि नोडेव्ह गुपचूप घेऊन येतात.

- ‘एक्झेक,यूझर’ असं लिहिलंत तर आधीचं एक्झेक पुसलं जातं आणि डिस्कवरून काही चालत नाही.
- ‘यूझर,एक्झेक’ असं लिहिलंत तर चालवण्याची मुभा राहते, आणि नोसूइड, नोडेव्हचं संरक्षणही टिकतं.

डिस्क बूटच्या वेळी रूटनेच जोडली असली तरी हा नियम लागू होतो. ‘मी तर स्पष्ट एक्झेक लिहिलंय’ अशी तुमची तक्रार असेल, तर शब्दांचा क्रम तपासा.

बदल करण्याची सुरक्षित पद्धत

एफएसटॅबमधल्या एका चुकीच्या स्वल्पविरामाने मशीन आपत्कालीन मोडमध्ये अडकू शकतं. म्हणून पायऱ्या गाळू नका:

१. एफएसटॅबची प्रत काढून ठेवा. शक्य असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हही हाताशी ठेवा.

२. आधी तात्पुरता बदल करून पाहा: ‘सुडो माउंट -ओ रिमाउंट,नोएक्झेक /टेम्प’. ही बंदी रीस्टार्ट होताच जाते, म्हणजे चुकलं तरी परतीची वाट आहे.

३. याच स्थितीत दोन-चार दिवस काम करा. पॅकेज अपडेट, बॅकअप, रात्रीची क्रॉनची कामं, सगळं एकदा होऊ द्या.

४. काही अडलं नाही, की पर्याय एफएसटॅबमध्ये लिहा आणि ‘फाइंडएमएनटी’ला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन ओळी तपासून घ्या. मग ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रिलोड’ करा.

५. ‘सुडो माउंट -ओ रिमाउंट /टेम्प’ म्हणा. इथे ‘माउंट -ए’ने काम होत नाही. ती कमांड न जोडलेल्या जागा जोडते. आधीच जोडलेल्यांचे पर्याय बदलत नाही.

६. खात्री करा. ‘/बिन/ट्रू’ हा निरुपद्रवी प्रोग्रॅम त्याच नावाने /टेम्पमध्ये कॉपी करून चालवा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर कुलूप लागलं. कॉपी पुसून टाका.

दोन इशारे. रिमाउंट केल्याने आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम थांबत नाहीत. बंदी पुढच्या वेळेपासून. आणि चालू मशीनवर जुन्या /टेम्पच्या डोक्यावर नवं टेम्पएफएस जोडू नका. डेस्कटॉपला लागणाऱ्या आतल्या फाइली झाकल्या जातात आणि खिडक्या उघडेनाशा होतात. पर्याय बदलायचे असतील तर रिमाउंट, नवीन माउंट असेल तर रीस्टार्ट.

बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये लिहीत असाल तर ‘नोफेल’ हा पर्याय जोडायला विसरू नका. नाहीतर डिस्क घरी राहिली म्हणून ऑफिसात मशीन बूट होता होता अडेल.

काय अडेल आणि तेव्हा काय करायचं?

/टेम्पवर नोएक्झेक आल्यावर कुरकुरणारी मंडळी ठरलेली आहेत. त्यांची नावं आधीच ठाऊक असली की सगळं कुलूप काढायचा मोह होत नाही.

- डेबियन, उबुंटूतली पॅकेजं: काही पॅकेजं बसण्याआधी प्रश्न विचारतात. ते विचारणाऱ्या स्क्रिप्ट /टेम्पमध्ये काढून चालवल्या जातात आणि तिथे अडतात. बहुतेक वेळा प्रश्न फक्त नंतर विचारले जातात, बसणं थांबत नाही. कायमचा उपाय हवा असेल तर एपीटीच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट-टेम्प्लेट्स’ची तात्पुरती जागा रूटपुरत्या फोल्डरकडे वळवा. पॅकेज बसवण्याआधी /टेम्प उघडायचं आणि नंतर बंद करायचं, अशीही एक युक्ती प्रचलित आहे. पण काम मधेच तुटलं तर दार उघडंच राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.
- बूटची प्रतिमा बनवताना येणारा इशारा: जागा नोएक्झेक असल्याने स्क्रिप्टचा क्रम साठवता येणार नाही, असं डेबियनच्या कुटुंबात सांगितलं जातं. हा नुसता इशारा आहे. काम पूर्ण होतं.
- जावाचे प्रोग्रॅम: सोबत आणलेल्या लायब्ररी तात्पुरत्या जागेत उलगडतात आणि अडकतात. जावा सुरू करताना तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता बदलून द्या.
- एका फाइलीत बांधलेले प्रोग्रॅम: पायइन्स्टॉलरने बनवलेले पायथनचे प्रोग्रॅम आणि ‘डॉट रन’ इन्स्टॉलर आधी /टेम्पमध्ये उलगडतात आणि मग तिथून चालतात.
- सोर्समधून बांधणी: ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट लहानसा प्रोग्रॅम बांधून चालवून पाहते. जागा बंद असेल तर ‘कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्रॅम्स’ म्हणते आणि तुम्ही कंपायलरला दोष देत बसता.
- डीबूटस्ट्रॅप: नोएक्झेक किंवा नोडेव्ह असलेल्या जागी नवी सिस्टिम उभारायला ते साफ नकार देतं. इथे नोडेव्हही आडवं येतं.

यांपैकी बहुतेकांवर एकच साधा उपाय आहे: ‘टीएमपीडीआयआर’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. तुमच्या होममध्ये ७०० परवानगीचं एक फोल्डर बनवा आणि तेवढ्या कमांडपुरता टीएमपीडीआयआर तिकडे वळवा. ते फोल्डर फक्त तुम्हालाच उघडं असल्याने आपलं सूत्र मोडत नाही. एक खाचखळगा आहे: सुडो सहसा असे व्हेरिएबल गाळून टाकतो. म्हणून ‘सुडो’नंतर ‘एन्व्ह’ लिहून, मग व्हेरिएबल, मग कमांड असा क्रम ठेवा.

दार नको, खिडकी उघडा

टीएमपीडीआयआरने भागत नसेल तरी संपूर्ण माउंट मोकळं करायचं कारण नाही. दोन पर्याय आहेत.

पहिला, बाइंड माउंट. समजा /डेटा या मोठ्या डिस्कवर सगळ्यांच्या फाइली आहेत आणि तिथे नोएक्झेक आहे. बांधणीसाठी मात्र /डेटा/बिल्ड या फोल्डरातून प्रोग्रॅम चालायला हवेत. ते फोल्डर /ऑप्ट/बिल्डला बाइंड करा आणि त्या नव्या जोडणीपुरतं ‘रिमाउंट,बाइंड,एक्झेक’ करा. माउंटची बंधनं प्रत्येक जोडणीला वेगळी असू शकतात. म्हणून तीच फाइल /डेटाच्या वाटेने गेलात तर चालत नाही, /ऑप्ट/बिल्डच्या वाटेने चालते. मात्र त्या फोल्डरात लिहायचा हक्क फक्त बांधणी करणाऱ्या खात्याला द्या. नाहीतर खिडकीचं दार व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा, सर्व्हिसपुरतं बंधन. एखाद्याच सर्व्हिसची भीती असेल, उदाहरणार्थ इंटरनेटला उघडा असलेला सर्व्हर, तर सगळ्या मशीनला कशाला जखडायचं? सिस्टिमडीच्या २४८व्या आवृत्तीपासून सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘नोएक्झेक-पाथ्स’ आणि ‘एक्झेक-पाथ्स’ लिहिता येतात. आधी संपूर्ण रूट बंद करा, मग तो प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररींची फोल्डरं तेवढी उघडा. लायब्ररी विसरलात तर सर्व्हिस सुरूच होणार नाही. सोबत ‘नो-न्यू-प्रिव्हिलेजेस’ चालू केलंत तर ती सर्व्हिस सुडोसारख्या प्रोग्रॅममधून आपले अधिकार वाढवू शकत नाही. वेबसर्व्हर चालवणाऱ्यांना /टेम्पशी झगडण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा सोयीचा पडतो.

पेनड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि फोन

विद्यार्थ्यांचे सर्वात जास्त प्रश्न इथे असतात, आणि इथे दोष बरेचदा नोएक्झेकचा नसतोच.

- फॅट आणि एक्सफॅटचा पेनड्राइव्ह: या फाइलसिस्टिममध्ये लिनक्सच्या परवानग्या साठवायला जागाच नाही. सीएचमॉड कितीदाही करा, फरक पडत नाही. परवानग्या जोडताना, ‘एफमास्क’ आणि ‘डीमास्क’ यांवरून ठरतात. डेस्कटॉपने आपोआप जोडलेल्या फॅट पेनड्राइव्हवर साधारणपणे ईएक्सई, कॉम आणि बॅट शेवट असलेल्या फाइलींनाच एक्स दिसतो. स्क्रिप्ट होममध्ये कॉपी करा, हा सर्वात सोपा उपाय.
- विंडोजसोबतचं ड्युअल बूट: डी ड्राइव्ह म्हणजे एनटीएफएसवर प्रोजेक्ट ठेवून दोन्हीकडून वापरायचा मोह होतो. कागदपत्रांसाठी ठीक आहे. कोड मात्र लिनक्सच्या विभागात ठेवा आणि देवाणघेवाण गिटने करा.
- टर्मक्स: अँड्रॉइड फोनची सामायिक स्टोरेज, म्हणजे /एसडीकार्ड, चालवण्यासाठी बंद असते. डाउनलोडमध्ये आलेली स्क्रिप्ट टर्मक्सच्या स्वतःच्या होममध्ये हलवा आणि मग एक्स द्या.

दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावताना डेस्कटॉप नोसूइड आणि नोडेव्ह आपणहून लावतो. हाताने माउंट करताना ते लागत नाहीत. तुम्हाला लिहावे लागतात.

नोएक्झेककडून भलती अपेक्षा नको

हे कुलूप आहे, तटबंदी नाही. त्याच्या मर्यादा माहीत नसतील तर खोटा दिलासा मिळतो.

- ‘बॅश’ किंवा ‘पायथन’ या नावापुढे स्क्रिप्टचा पत्ता दिला की ती नोएक्झेक जागेवरूनही चालते. चालतो तो बॅश, स्क्रिप्ट फक्त वाचली जाते. तुमच्या स्वतःच्या लहानसहान स्क्रिप्टसाठी हाच प्रामाणिक आणि सोपा मार्गही आहे.
- वेबसाइटच्या अपलोड फोल्डरला नोएक्झेक लावून पीएचपी थांबत नाही. ते वेबसर्व्हरच्या सेटिंगमध्येच थांबवावं लागतं. ही चूक महागात पडते.
- पूर्वी लोडरच्या नावापुढे बायनरीचा पत्ता देऊन बंदी चुकवता येई. कर्नल २.६पासून ती वाट बंद आहे. पण २०१४ सालच्या कर्नल ३.१७पासून फाइल न बनवता थेट मेमरीतून प्रोग्रॅम चालवण्याची सोय आली, आणि तिच्यापुढे माउंटचं बंधन लंगडं पडतं.

मग लावायचंच कशाला? कारण कितीतरी स्वयंचलित हल्ले आजही तोच साचा वापरतात: /टेम्पमध्ये फाइल उतरवायची, एक्स द्यायचा, चालवायची. नोएक्झेकने ती साखळी तिथेच तुटते. निर्धाराने आलेल्या माणसासाठी एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर चालू ठेवा. ती बंद करून नुसत्या नोएक्झेकवर विसंबू नका.

तुमच्याकडे रूट नसेल तर

कॉलेजची लॅब, ऑफिसचा सामायिक सर्व्हर, संशोधन संस्थेतला क्लस्टर, अशा ठिकाणी बंधन घालणारं कुणी दुसरंच असतं. बंधन चुकवायच्या क्लृप्त्या शोधू नका. काम होईलही, पण नियमभंगाची नोंद तुमच्या नावावर पडेल. त्याऐवजी सिस्टिम सांभाळणाऱ्यांना लेखी कळवा, आणि त्यात एवढं द्या:

- कोणता प्रोग्रॅम, कोणत्या फोल्डरातून चालवायचा आहे;
- फाइंडएमएनटीचं उत्तर आणि नेमका संदेश;
- टीएमपीडीआयआर वळवून पाहिलं का, आणि त्याचं काय झालं;
- किती दिवसांसाठी गरज आहे.

‘नोएक्झेक काढा’ ही मागणी नाकारली जाणं साहजिक आहे. ‘माझ्या गटापुरतं, चालवण्याची मुभा असलेलं एक फोल्डर द्या’ ही मागणी रास्त आहे, आणि ती करण्यात संकोच नको. कोणत्या जागी काय चालतं आणि काय नाही, हे आधी कळवावं, अशी अपेक्षाही तुम्ही ठेवू शकता. सिस्टिम तुम्हीच सांभाळत असाल तर मागणी येण्याची वाट पाहू नका. अशी एक जागा आधीच करून द्या. वैध वाट नसली की माणसं चोरवाट शोधतात, आणि ती तुमच्या लॉगमध्ये दिसत नाही.

शेवटची ओळ एफएसटॅबमध्येच लिहा

हे सगळं केल्यावर एक काम बाकी राहतं. एफएसटॅबमध्ये हॅशने सुरू होणाऱ्या ओळी सिस्टिम वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. जिथे नोएक्झेक लावलंत तिथे, आणि त्याहून आग्रहाने जिथे मुद्दाम लावलं नाहीत तिथे, वर एक ओळ लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता एखादी सर्व्हिस अडली, की ती फाइल उघडणारं माणूस घाईत असतं. बऱ्याचदा ते तुम्हीच असता. कारण लिहिलेलं नसेल तर दिसेल ते कुलूप तोडलं जातं. लिहिलेलं असेल, तर निदान कोणती खिडकी उघडायची ते कळतं.